बिस्किटांच्या डब्यातला सूर

वावाऊ बेट, शनिवार, ४ मे २०१९

फेलेती,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढलाय. तसंही बहीण-भावानं समोरासमोर बोलायच्या गोष्टी आपल्यात थोड्याच असतात. मला पाळी आली त्या वर्षापासून आपण एका छपराखाली झोपलो नाही, एका खोलीत बसून टीव्ही पाहिला नाही. पण कागदावर मी तुला झाडू शकते. ते परदेशातलं द्राक्षं तोडायचं काम बाजूला ठेव आणि नीट बसून वाच.

तुझ्या मुलीला वेड लागलंय.

सोळा वर्षांची घोडी झाली. ह्या वयात मी दोन चटया विणून संपवल्या होत्या. आणि ही तुझी तेलेसिया? शाळेतून आली की माझ्या रेडिओचं पोट फाडून बसते. चांगला चालणारा रेडिओ रे! मासे तळायला गेले तर तव्याशेजारी तारा, स्क्रू, डाग देण्याची ती काळी कांडी. स्वयंपाकघरात जळक्या राळेचा वास. परवा पाद्रीणबाई आल्या होत्या, त्या नाकाला रुमाल लावून विचारतात, "लुसेआने, काही करपलं का?" मी काय सांगू, माझं नशीब करपलं म्हणून?

ह्या सगळ्याला पेनी मास्तर जबाबदार आहे. तोच रे, तुझ्या वर्गात होता, गणिताच्या तासाला झोपायचा. आता तोच विज्ञान शिकवतो. ऑकलंडला भावाकडे गेला होता, तिथून पोरीसाठी दोन डोळे घेऊन आला. गाडी मागे घेताना टुंटुं वाजतं ना, त्यातले डोळे. समोर काही आलं की ते किती लांब आहे हे त्यांना कळतं म्हणे. मी विचारलं,

"हे काय गं आता?"

"वाद्य आहे, आत्या."

"फुंकायचं कुठून?"

"फुंकायचं नाही."

"मग बडवायचं?"

"हातसुद्धा लावायचा नाही. समोर हात नुसता हलवायचा, की वाजतं."

"हात न लावता वाजणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती म्हणजे तुझी आत्या."

हसली रे. तुझी लोसा गेल्यापासून ह्या घरात पोर एवढी मोठ्यानं हसली नव्हती. मग मीही जरा पाघळले. त्या वाद्याला पेटी हवी होती, आणि फळी वापरली की आवाज बसतो असं काहीतरी म्हणत होती. मी कपाटावरचा बिस्किटांचा मोठा चौकोनी डबा काढला, तो मी शिवणाला ठेवते तो, आणि दिला तिला. आतले दोरे-सुया काढायलाही थांबले नाही. तुझी बहीण मनानं कद्रू आहे असं तिकडे कुणाला सांगत असशील तर हे लक्षात ठेव.

ती तुझं नाव काढत नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगितलं. आईच्या मातीला बाप आला नाही, हे पोर विसरत नाही, गावही विसरत नाही. मी काय करू त्याला? लोसा अचानक गेली, तुला तसंच कळवलं होतं. आता ते उकरण्यात काही अर्थ नाही. पण एखादं पत्र तरी पाठव तिला. तोंडावर फेकलंन तर मी उचलून ठेवीन.

लुसेआने


वावाऊ, शनिवार, १८ मे २०१९

फेलेती,

पहिलं पत्र अजून पाठवलेलं नाही. विमानानं कोण जातंय ते कळलं की दोन्ही एकदम देईन.

माझं बोट कापलंय, म्हणून अक्षर असं. मंगळवारी दुपारी मी मागच्या पायरीवर नारळ खवत होते. घरात तेलेसियाची टुंटुं चालूच होती, आठवडाभर तेच ऐकत होते, कान किटले होते. आणि एकदम ती टुंटुं थांबली आणि आतून एक बाई गायला लागली. शब्द नाहीत. नुसता "आ". लांबलचक.

हातातली वाटी सुटली, पात्यावर बोट गेलं, मला कळलंसुद्धा नाही. फेलेती, ती लोसा होती. तिच्यासारखं कुणी नव्हे. लोसा. वरच्या सुराला जाताना ती जरा खाली बसायची आणि मग चढायची, पाद्रीबाबा त्यावरून तिला चिडवायचे, आठवतं? अगदी तसंच. तीन वर्षं झाली तिला पुरून. दर महिन्याला मी तिच्या मातीवर पांढरी वाळू घालते. आणि ती माझ्या स्वयंपाकघरात गातेय!

तशीच आत गेले. टेबलावर माझा डबा, त्याच्या पुढच्या बाजूला ते दोन डोळे बसवलेले, मागून माझ्या रेडिओचा कर्णा. समोर तेलेसिया उभी. नाचात धरतात तसे हात धरलेले, मान एका बाजूला कललेली. उजवा हात वर गेला की लोसाचा सूर वर. मनगट वळलं की सूर थरथरे. डावा हात मागे घेतला की आवाज बारीक होई, जशी लोसा दाराबाहेर निघून जातेय. मग हात पुढे, की परत घरात.

तिनं मला पाहिलं. हात खाली घेतले. आवाज थांबला.

"आत्या, रक्त येतंय तुमच्या हाताला."

हा आवाज कुठून आणलास, हे विचारायला तोंड उघडलं होतं मी. बाहेर काय पडलं? "कसाव्याचं पाणी आटलं बघ." ती गेली पाणी घालायला. मी बोटाला चिंधी बांधली.

मग पेनी मास्तराला गाठलं. तो काव्हा प्यायच्या बैठकीला निघाला होता, अंगात धुतलेला शर्ट, कमरेला मानाची चटई बांधलेली. त्याला रस्त्यातच धरलं. तो म्हणतो, "ताई, यंत्राला भरवाल ते गातं. आधी आम्ही त्याला टुंटुं भरवली होती. हिनं आईचा आवाज आणला, नखाएवढं कार्ड होतं, फोनमध्ये घालतात तसलं. आम्ही त्यातला पहिला सूर तेवढा हाताला जोडला."

"पहिला म्हणजे? पुढे आणखी आहे काही?"

"असेल, मी ऐकलं नाही. पोरीचं घरचं ते. मी म्हटलं, तुझं तू बघ."

"आणि तिला कुठं मिळालं ते?"

"घरातच होतं म्हणाली."

तुझ्याकडून तर आलं नाही ना ते? तूच पाठवलं असशील कुणाच्या हाती. मला आपलं विचारावंसं वाटलं.

आणखी एक बातमी, ती ऐकून मी हात टेकले. आठ जूनला शाळेच्या बँडसाठी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. त्यात तेलेसिया नाचणार. चांगलंय. पण गाणारी माणसं नाहीत! मागे बसून गाणारं कुणी नाही, उकुलेले नाही, काही नाही. तिचे हातच नाचणार आणि तिच्याच हातांनी डबा गाणार. आपल्या आजीनं हे पाहिलं असतं तर हॉलमधून उठून गेली असती. मी धावत पाद्रीणबाईंकडे गेले, म्हटलं ह्या थोर बाई तरी नको म्हणतील. तर त्यांच्या डोळ्यात पाणी. "लोसाचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार गं लुसेआने!" मी तशीच घरी परत आले.

लुसेआने


वावाऊ, गुरुवार, ३० मे २०१९

फेलेती,

झोप नाही. घास उतरत नाही. दात दुखतोय असं सगळ्यांना सांगितलंय.

मागच्या पत्रात मी तुला विचारलं ना, कार्ड तू पाठवलंस का म्हणून. ते खोडून टाक. मला ठाऊक आहे ते कुठून आलं. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्याच मला ते कळलं होतं, फक्त लिहायचा धीर झाला नाही.

त्या डब्याच्या तळाशी तपकिरी कागद घातलेला होता. त्या कागदाखाली ते कार्ड मी ठेवलं होतं. मीच. आणि मीच तो डबा स्वतःच्या हातानं तिला दिला. तीन वर्षं वरून दोरे, बटणं, कात्री पडत राहिली आणि मी विसरले. खरंच विसरले. विसरायचं म्हणून विसरले असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

लोसानं ते शेवटच्या आठवड्यात माझ्या हातात दिलं होतं. आपल्या फोनवर काहीतरी बोलून ठेवलं होतं तिनं तुझ्यासाठी. तेव्हा नेट धड चालत नव्हतं, म्हणून म्हणाली, "वन्सं, कुणी तिकडे जाणारं असेल तर त्याच्या हाती द्या." मी देणार होते. शनिवारच्या विमानानं मोठ्या बेटावरचा एकजण जाणार होता, तो आधीच निघून गेला. मग पाऊस. मग ती गेलीच. मग देऊन काय उपयोग होता, सांग मला. तुझ्या जखमेवर मीठ चोळायचं?

त्यात काय आहे मला माहीत नाही. मी कधी ऐकलं नाही. आणि तेलेसियानं किती ऐकलंय, हे मला कळत नाहीये. तेच मला खातंय.

काल तिला म्हटलं, "तो डबा मला परत हवा गं. शिवणाचं सगळं उघड्यावर पडलंय." तर संध्याकाळी दुकानातून नवा कोरा डबा घेऊन आली. बिस्किटांनी भरलेला.

"हा घ्या, आत्या. ह्याला झाकणही घट्ट आहे."

"मला तोच हवा होता. सवयीचा."

"त्यातलं तुमचं काही राहिलंय का?"

"काय राहणार?"

"नाही, म्हटलं विचारावं. एक दोऱ्याचं रीळ होतं, ते देते."

आणि दिलं रीळ. निळं. तिच्या तोंडावर काही दिसलं तर शपथ. तुझं तोंड असं कधीच नव्हतं, तू चोरून आंबा खाल्लास तरी कपाळावर लिहिलेलं असायचं. हे लोसाचं तोंड.

सराव मी रोज पाहते. डबा एका तिवईवर, ती त्याच्यापासून दोन हात दूर. तोच एक सूर वर-खाली जातो. शब्द एकही नाही. पेनी मास्तर कौतुकानं डोकं हलवत बसलेला असतो. मी मनाशी म्हणते, एवढंच असेल. एक सूर आहे, तो वाजेल, लोक रडतील, संपेल. मग मी कार्ड मागून घेईन.

ताप आला म्हणून घरी राहावं असंही मनात आलं. पण बापाची बहीण मी. पोरीच्या अंगाला तेल कोण लावणार? ती नाचायला लागली की बक्षिसाची पहिली नोट तिच्या तेलकट दंडावर कोण चिकटवणार? माझ्याआधी कुणी पुढे होऊ शकत नाही. मी गेले नाही तर अख्खा हॉल दाराकडे बघत बसेल.

लुसेआने


वावाऊ, रविवार, ९ जून २०१९

फेलेती,

आज रविवार आहे. जन्मात कधी रविवारी सुईत दोरा ओवला नाही मी. आज घंटा झाली तरी चर्चला गेले नाही, दार लावून लिहायला बसलेय. ह्यावरूनच काय ते समज.

काल दुपारी हॉल खच्चून भरला होता. खिडक्यांत पोरं लटकलेली. तेल मीच लावलं तिला. खांदे, दंड, मनगटं, पोटऱ्या. कातडी अशी चमकायला हवी की बघणाऱ्यानं आईबापाचं नाव काढावं. केसांत पिसाचा तुरा मी खोवला. तो दोनदा निसटला, ती म्हणाली, "आत्या, दात फार दुखतोय का?" मी हो म्हटलं.

नाच सुरू झाला. काय सांगू तुला! पाय जागचे हलत नव्हते, गुडघे एकमेकांना लागलेले, आणि हात असे चालत होते की मला माझं वय विसरायला झालं. आणि त्या हातांतून लोसा गात होती. पहिला सूर निघाला. पाद्रीणबाई हुंदका देऊन रडल्या. मागच्या बाकावरनं कुणीतरी वाहवा देत ओरडलं, "मालिए! मालिए!" मग सगळेच ओरडायला लागले. लोक उठायला लागले, नोटा काढायला लागले. आणि माझ्याकडे बघायला लागले.

आता बघ, पेनी मास्तर हुशार. त्यानं पोरीकडून चाळीस वेळा सराव करून घेतला. तारा तपासल्या, कर्णा तपासला, वीज गेली तर बॅटरी ठेवली. पण त्या चाळीस वेळांत नोट चिकटवायला पुढे कुणी आलं नव्हतं. आपल्या बेटावर जन्मलेला माणूस, नाचणाऱ्या पोरीभोवती लोक गर्दी करतात हे त्याला आठवू नये? ऐन वेळी उभा राहून हात हलवतोय, "लांबनं! जरा लांबनं!" लांबनं नोट कशी चिकटेल, मेल्या? सगळे हसले. मीही हसले. हसतच पुढे गेले, कंबर हलवत, म्हाताऱ्या आत्यानं करायचा तो चावटपणा करत, आणि तिच्या आणि डब्याच्या मधे जाऊन उभी राहिले. नोट हातात.

सूर थांबला.

खाकरल्याचा आवाज आला. मग लोसा बोलली. कर्ण्यातून, माझ्या पाठीमागून, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं.

"चालू झालं का हे? फेलेती, मी बोलतेय. गाऊन बघितलं आत्ता, आवाज येतोय वाटतं."

लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, दोन-चार जण हसले. तेलेसिया नाचतच होती. तोंडावर नाचातलं हसू, आणि डोळे माझ्या डोळ्यांत.

फेलेती, मला तेव्हाच कळलं होतं की मी मागे सरले तर ते बंद होईल. डब्याच्या डोळ्यांसमोरून माणूस हललं की बोलणं थांबणार आणि परत नुसता सूर. एक पाऊल बाजूला. एवढंच करायचं होतं. धीर म्हणून उभी राहिले असं मी म्हणणार नाही. पायच उचलेना.

ती म्हणाली, शब्द न् शब्द लिहितेय:

"हे वन्सं पाठवतील तुला. त्यांनी शब्द दिलाय, आणि वन्सं शब्दाच्या पक्क्या आहेत. रात्रंदिवस माझ्यापाशी असतात रे, त्यांना कधी उलटून बोलू नकोस. त्या तुला ताप आहे म्हणाल्या असतील, तू घाबरू नयेस म्हणून. ताप नाहीये हा. मला कुणी सांगत नाही, पण नर्सच्या तोंडावरून कळतं. तेलेसियाची वेणी घालायला बसते आणि हात वर जात नाहीत. तू ये. हंगाम जाऊ दे. काही आणू नकोस, नुसता ये. लवकर ये. बास, दम लागला मला."

मग खरखर. मग काही नाही.

माझ्या हातातून नोट कधी गळली कोण जाणे. पाद्रीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "लुसेआने, फेलेती तर यायला नाही म्हणाला होता ना? तूच सांगितलं होतंस आम्हाला."

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बापाच्या बहिणीला कोण विचारणार?

मी म्हटलं, "त्याला मी विचारलंच नव्हतं."

बस. मोठ्यानं म्हटलं. शेवटच्या बाकापर्यंत गेलं असेल.

आता तुला सांगते, आणि ह्यात एक शब्द झाकलेला नाही. तुला मी फोनवर सांगितलं, साधा ताप आहे. गावाला सांगितलं, फेलेतीला सगळं कळवलंय, तो येत नाही म्हणतो. तेलेसियाला सांगितलं, तुझ्या बापाला काम सोडवत नाही. लोसाला सांगितलं, कार्ड पाठवलंय. तिला पुरून झाल्यावर तुला सांगितलं, अचानक गेली, कुणालाच कल्पना नव्हती. तू फोनवर ढसाढसा रडलास, आणि मी तुला म्हटलं, देवाची मर्जी.

का, ते विचारशील. तू हंगाम अर्धवट टाकून आला असतास तर मुकादमानं पुढच्या वर्षी घेतलं नसतं. चर्चच्या वार्षिक दानाच्या दिवशी घराघराची नावं वाचतात, आणि तू पाठवलेल्या पैशांमुळे दोन वर्षं लागोपाठ आपल्या घराचं नाव पहिलं वाचलं गेलं होतं. मी उभी राहायचे तेव्हा बायका वळून बघायच्या. ते माझ्या डोक्यात गेलं होतं. आणि मला वाटलं, बरी होईल. खरंच वाटलं रे. तरणी बाई होती. बरी होईल, आणि हे सगळं कुणाला सांगायची वेळच येणार नाही.

तू गावाच्या शिव्या खाल्ल्यास. पोरीनं तुझा फोन आपटून बंद केला तेव्हा मी शेजारी भाजी निवडत होते. एक शब्द बोलले नाही मी.

कार्यक्रम पुढे झाला की नाही विचारू नकोस. एवढं आठवतं, की तेलेसियानं शेवटचा हात होता तो पूर्ण केला, वाकून नमस्कार केला. मग खाली पडलेली माझी नोट उचलली आणि आपल्याच दंडावर दाबून चिकटवली. मी वाट काढून बाहेर आले. कुणी अडवलं नाही, कुणी रस्ताही दिला नाही.

लुसेआने


मंगळवार, ११ जून

फेलेती,

काल संध्याकाळी ती मागच्या पायरीवर येऊन बसली. एक पायरी खाली, माझ्यापेक्षा उंच बसायचं नाही म्हणून. इतकं झाल्यावरसुद्धा.

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"डबा दिलात त्याच रात्रीपासून."

"मग मला का नाही विचारलंस गं? महिनाभर मला झुरत ठेवलंस."

"आत्याला जाब विचारायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत."

मी पायरीवरचा पाचोळा झटकला.

मग म्हणाली, "मास्तरांनी सांगितलं होतं, जवळ कुणी आलं तर पुढचं वाजेल, तो भाग बंद कर. मी बंद केला म्हणून खोटं सांगितलं. पहिल्या तुम्हीच येणार हे ठाऊक होतं मला. पण तुम्ही बाजूला झाला असतात तर आई थांबली असती. तेवढं मी ठेवलं होतं. तुमची इच्छा असेल तर."

"अगं, पाय उचलेना माझा."

"असू दे," म्हणाली. "उभ्या राहिलात ना."

मी रडले. तिच्यासमोर, तोंड न झाकता. तिनं माझा हात धरला नाही, उठूनही गेली नाही.

थोड्या वेळानं आत जाऊन ते कार्ड घेऊन आली. नखाएवढं आहे रे. माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही शब्द दिला होता आईला. तुम्हीच पाठवा."

म्हणून हे पाकीट. मागची चारही पत्रं ह्यातच आहेत. पहिल्या दोनांत मी कसं कसं सारवलंय ते दिसेल तुला. मी फाडायला काढली होती, तर तेलेसिया म्हणाली, "राहू द्या, बाबांना सगळंच वाचू दे." बाबा म्हणाली. तीन वर्षांनी हा शब्द ऐकला मी ह्या घरात. पेनी मास्तराचा मावसभाऊ गुरुवारच्या विमानानं तुमच्याकडे संत्र्यांच्या कामाला निघालाय. मी स्वतः विमानतळावर जाऊन त्याच्या हातात देणार, आणि विमान उडेपर्यंत कुंपणाशी उभी राहणार.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचं तोंड नाही मला. गावात मी बाहेर पडले की बायका बोलायच्या थांबतात, ते योग्यच आहे.

एक मात्र तुला सांगायलाच हवं. डबा तसाच टेबलावर आहे. सकाळी मी त्याच्यासमोर हात धरून पाहिला. काही नाही, आता तो मुका आहे. मी तेलेसियाला म्हटलं, "अगं, दुसरी प्रत तरी करून ठेवलीस ना? तुझ्या फोनवर, मास्तरांकडे, कुठेतरी?"

"नाही," म्हणाली.

"वेडी का तू! एकच होतं ते. आईचा आवाज परत कधी ऐकणार मग?"

ती तारा गुंडाळत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"बाबा घेऊन येतील की."

तुझी बहीण,
लुसेआने